संध्याकाळी चारनंतरची शाळा : निवासी आंतरराष्ट्रीय शाळांचे एका कोल्हापूरकर पालकाने केलेले परीक्षण

निवासी आंतरराष्ट्रीय शाळा हा विषय कोल्हापुरात आता मोजक्या घराण्यांपुरता राहिलेला नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावचे कारखानदार, इचलकरंजीचे सूतव्यापारी, राजारामपुरीत दवाखाना चालवणारे डॉक्टर अशा अनेक घरांत मूल सहावी-सातवीत गेले की हा प्रश्न निघतो आणि गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रके जमू लागतात. आमच्या घरातही तो निघाला. मुलीला आठवीपासून बाहेर ठेवावे का, आणि ठेवायचे तर कुठे, हे ठरवण्यासाठी आम्ही पाचगणी, पुणे आणि दक्षिणेकडील डोंगरावरच्या शाळा पाहिल्या, परदेशातील शाळांच्या प्रवेश विभागांशी बोललो आणि तिथे मुले ठेवलेल्या पालकांना भेटलो. त्यावरून हे परीक्षण लिहीत आहे. जिथे माझा स्वतःचा बरावाईट अनुभव सांगितला आहे त्या शाळांची नावे मी दिलेली नाहीत. जी नावे आली आहेत ती सर्वांना उपलब्ध असलेल्या माहितीपुरतीच आली आहेत.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. या शाळांची फी आपण शिकवण्यासाठी भरतो, असे बहुतेकांना वाटते. पण चांगले शिक्षक आणि चांगले वर्ग कोल्हापुरातही मिळतात. आपण जे जादा पैसे मोजतो, ते दुपारी चारपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंतच्या सोळा तासांसाठी मोजतो. त्या वेळात मुलाजवळ कोणते मोठे माणूस असते, ते किती मुलांमागे एक असते, ते किती वर्षे त्या जागी टिकलेले असते आणि शाळा त्या माणसाला किती मान देते, यावरून निवासी शाळेची परीक्षा करावी. ऑलिंपिक मापाचा तलाव, घोडेस्वारीचे मैदान आणि वातानुकूलित वर्ग यांचा विचार त्यानंतर करावा.

या शहराला ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शाहू महाराज स्वतः १८८५ ते १८८९ या काळात राजकोटच्या राजकुमार कॉलेजात राहून शिकले, म्हणजे त्या काळातील सर्वांत प्रतिष्ठित निवासी शिक्षण त्यांनी अनुभवले होते. पुढे १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून त्यांनी वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी करण्यास सुरुवात केली, तेव्हा प्रत्येक वसतिगृहाला जोडून वेगळी शाळा काढण्याचा खटाटोप केला नाही. खेड्यांतून आलेली ती मुले शहरातील शाळा-कॉलेजांत शिकत, आणि त्यांच्या राहण्याची, जेवणाची व देखरेखीची जबाबदारी वसतिगृह घेई. गरीब मुलाच्या शिक्षणात अडसर होता तो निवाऱ्याचा आणि आधाराचा, हे त्यांनी नेमके ओळखले होते. आज दसरा चौकातून जाताना त्या इमारती दिसतात, तेव्हा लाखो रुपये फी घेणाऱ्या शाळेलाही हाच प्रश्न विचारला पाहिजे असे मला मनापासून वाटते, की शाळेचे राहू द्या, तुमचे वसतिगृह कसे चालते ते आधी सांगा.

शाळा पाहायला गेल्यावर मात्र पालकांना नेमके हेच दाखवले जात नाही. भेट बहुधा सकाळी अकराची ठरते. प्रवेश विभागातील अत्यंत सौजन्यशील व्यक्ती आपल्याला प्रेक्षागृह, प्रयोगशाळा, ग्रंथालय, टेनिस कोर्ट असे फिरवते, वसतिगृहातील एक आवरून ठेवलेली खोली दाखवते, उत्तम जेवण देते आणि तीन वाजता निरोप देते. या भेटीतून शाळेची श्रीमंती कळते, पण तिचा स्वभाव कळत नाही. म्हणून आम्ही नंतर संध्याकाळची भेट मागू लागलो. खेळ संपून मुले परत येतात, आंघोळी होतात, रात्रीच्या अभ्यासाला म्हणजे प्रेपला बसतात, मग जेवण आणि झोपण्याची तयारी, एवढा वेळ आम्हाला कोपऱ्यात बसून पाहायचा आहे, असे आम्ही स्पष्ट लिहून कळवत असू. या एका विनंतीला मिळालेल्या उत्तरातून शाळांमधील जेवढा फरक कळला, तेवढा कोणत्याही माहितीपत्रकातून कळला नाही.

डोंगरावरच्या एका जुन्या शाळेने लगेच होकार दिला. तिथल्या हाउस पेरेंट, म्हणजे वसतिगृहातील मुलींची पालकासारखी जबाबदारी असलेल्या बाई, स्वतः इतिहास शिकवत होत्या आणि मुलींच्या वसतिगृहाला लागून असलेल्या घरात पती व मुलासह राहत होत्या. त्यांच्या घराचे दार वसतिगृहाच्या मार्गिकेत उघडत होते आणि प्रेप चालू असताना ते उघडेच होते. एक लहान मुलगी गणित अडले म्हणून आत गेली, दुसरी घसा दुखतो म्हणून आली, तिसरी काहीच कारण नसताना येऊन बसली. बाईंना त्यांच्या प्रत्येक मुलीच्या घरची परिस्थिती माहीत होती. कोणाची आजी आजारी आहे आणि कोणाची मैत्रीण गेल्या वर्षी शाळा सोडून गेली, हे त्या सहज सांगत होत्या. फरशी जुनी होती, पलंग लोखंडी होते, गरम पाणी ठरावीक वेळेतच येत होते. तरीही त्या रात्री खाली उतरताना माझे मन निश्चिंत होते.

याच्या उलट एका नव्या, अतिशय देखण्या आणि त्याहून कितीतरी महाग शाळेने संध्याकाळच्या भेटीला सुरक्षेचे कारण सांगून नकार दिला. मुलांच्या सुरक्षेसाठी अनोळखी माणसांना रात्री वसतिगृहात न सोडणे योग्यच आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग किमान वसतिगृहप्रमुखांशी फोनवर बोलू द्या, असे म्हटल्यावर कळले की ते पद गेल्या सत्रापासून रिकामे आहे आणि सध्या वॉर्डन काम पाहत आहेत. ते वॉर्डन एका कंत्राटी संस्थेकडून आलेले होते आणि त्यांच्याकडे साठ मुले होती. त्या शाळेच्या तलावाचे पाणी वर्षभर कोमट राखले जाते, हे मात्र आम्हाला दोनदा सांगण्यात आले होते. शिक्षक वसतिगृहात राहतात की बाहेरून येतात, वसतिगृहप्रमुख त्या जागेवर किती वर्षे आहेत आणि गेल्या तीन वर्षांत किती जण सोडून गेले, हे तीन प्रश्न मी प्रत्येक पालकाला विचारायला सांगते, कारण त्यांची उत्तरे सजवून सांगता येत नाहीत.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगते. कॉन्टिनेंटल पदार्थांची यादी पाहून हुरळून जाऊ नये. भाकरी-कालवणावर वाढलेले मूल पहिल्या महिन्यात काय खाते आणि किती खाते याकडे कोणी लक्ष ठेवते का, एवढेच पाहावे. आजारपणाची सोय यापेक्षा महत्त्वाची आहे. शाळेच्या दवाखान्यात रात्री नर्स मुक्कामाला असते का, डॉक्टर किती वेळात पोहोचतो, घाट उतरून मोठ्या रुग्णालयात न्यायला किती वेळ लागतो आणि पालकांना फोन कोणत्या टप्प्यावर केला जातो, हे लेखी विचारावे. कोल्हापूरहून पाचगणीला महामार्गाने सातारा ओलांडून सुरूर फाट्यावरून वाई आणि पसरणीचा घाट करत काही तासांत पोहोचता येते, हे अंतर आईवडिलांच्या दृष्टीने फार मोठी सोय आहे. कोडाईकनाल किंवा मसुरीहून रात्री दोनला फोन आल्यावर आपण तिथे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही पोहोचू शकत नाही, याचा विचार प्रवेशाआधीच करायला हवा.

सुरक्षेचा विषय मोकळेपणाने बोलायला पालक संकोचतात आणि शाळा तो संकोच सोयीने स्वीकारतात. मोठ्या मुलांकडून लहानांचा छळ होणे हा निवासी शाळांचा जुना रोग आहे, आणि आमच्याकडे असे काही होत नाही असे म्हणणाऱ्या शाळेवर माझा विश्वास बसत नाही. ज्या शाळेने, असे घडते, घडल्यावर आम्ही अमुक करतो आणि गेल्या वर्षी तमुक केले, असे नावे न घेता सांगितले, तिच्यावर बसला. मुलाला वसतिगृहप्रमुखाविरुद्धच तक्रार करायची असेल तर त्याने कोणाकडे जायचे, हा प्रश्न जरूर विचारावा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणे बंधनकारक केलेले आहे. शाळेची स्वतःची लेखी पद्धत या कायद्याशी जुळते की नाही, ते पाहावे. इंग्लंडमध्ये निवासी शाळांची ठरावीक राष्ट्रीय निकषांनुसार तपासणी होते आणि तिचे अहवाल कोणालाही वाचता येतात. ते अहवाल वाचताना मला पहिल्यांदा लक्षात आले, की तपासनीस मुलांशी एकांतात बोलून वसतिगृहातील वातावरणावर पानेच्या पाने लिहितात. आपल्याकडे ही पद्धत रुळलेली नसल्यामुळे ते काम पालकांनाच करावे लागते, आणि त्यासाठी माजी विद्यार्थ्यांशी, विशेषतः शाळा मध्येच सोडलेल्यांच्या पालकांशी बोलण्याला पर्याय नाही.

आता अभ्यासक्रमाकडे येते, कारण इथे चुकीची निवड झाली तर तिची किंमत बारावीनंतर मोजावी लागते. शाळेच्या नावात आंतरराष्ट्रीय हा शब्द असला तरी ती सीबीएसईची असू शकते, आणि त्यात वावगे काही नाही; पण आपण कशासाठी पैसे भरत आहोत हे स्पष्ट असावे. शाळा खरोखर आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) किंवा केंब्रिज या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांशी संलग्न आहे का आणि कोणत्या इयत्तांसाठी आहे, हे त्या संस्थांच्या संकेतस्थळांवरील यादीत पाच मिनिटांत तपासता येते. आयबी ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झाली आणि तिचा अकरावी-बारावीच्या पातळीचा डिप्लोमा जगभर मानला जातो. त्यात सहा विषय असतात, त्यातील साधारण तीन वरच्या पातळीवर घ्यावे लागतात, प्रत्येक विषयाला सात आणि इतर कामाचे तीन असे एकूण ४५ गुण असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी किमान २४ लागतात. याखेरीज चार हजार शब्दांचा स्वतंत्र संशोधन निबंध लिहावा लागतो. जे मूल स्वतःहून प्रश्न विचारते, वाचते आणि लिहिण्याचा कंटाळा करत नाही, त्याच्यासाठी हा अभ्यासक्रम फार सुंदर आहे. मी पाहिलेल्या एका मुलाने पंचगंगेच्या पाण्याच्या नमुन्यांवर आपला निबंध लिहिला होता आणि त्याविषयी तो ज्या जिव्हाळ्याने बोलत होता, तो पाहून मला या पद्धतीचे मोल कळले.

परंतु कोल्हापुरात या शाळांचा विचार करणाऱ्या घरांत डॉक्टरांची घरे पुष्कळ आहेत, म्हणून पुढचा मुद्दा जरा विस्ताराने मांडते. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज ही संस्था आयबी डिप्लोमाला बारावीच्या समकक्ष मानते, त्यामुळे नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देण्याचा मार्ग बंद होत नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय मात्र निवडलेले असले पाहिजेत. अडचण वेगळीच आहे. नीटचा पाया एनसीईआरटीच्या पुस्तकांत आहे आणि ती परीक्षा सहसा मे महिन्याच्या सुरुवातीला होते, म्हणजे नेमकी आयबीच्या अंतिम परीक्षा चालू असताना. त्याहून मोठी गोष्ट राज्याच्या कोट्याची. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांतील एमबीबीएसच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात, आणि त्यांच्यासाठी नुसते अधिवासाचे प्रमाणपत्र पुरत नाही. काही अपवाद वगळता दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. आपल्या सीपीआर रुग्णालयाला जोडलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मुलाने शिकावे अशी मनात इच्छा ठेवून त्याला दहावीपर्यंत देहरादूनला किंवा तमिळनाडूत ठेवणाऱ्या पालकांनी हा नियम आधी वाचायला हवा. अभियांत्रिकीच्या प्रवेशात अधिवासाचा आधार मिळत असल्यामुळे तिथे अडचण कमी येते. आम्ही ज्या सल्लागारांकडे गेलो होतो त्यांनी दक्षिणेकडच्या तीन शाळा सुचवताना या नियमाचा उल्लेखही केला नाही, आणि आमच्या घरी तर दोन पिढ्या वैद्यकीय व्यवसायात आहेत हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगितले होते.

या सल्लागारांच्या सेवेबद्दल वेगळे लिहायला हवे. शहरातील हॉटेलात शाळांचे मेळावे भरतात, तिथे त्यांची ओळख होते, आणि पालकांकडून ते फारसे पैसे घेत नाहीत म्हणून ती सेवा स्वस्त वाटते. पण त्यांच्यापैकी अनेकांना प्रत्येक प्रवेशामागे शाळेकडून मोबदला मिळतो. त्यात बेकायदा काही नाही. मात्र जी शाळा मोबदला देत नाही, ती त्यांच्या यादीत येत नाही आणि आपल्याला ते कधी कळतही नाही. अर्ज भरणे, कागदपत्रे लावणे, मुलाखतीची वेळ ठरवणे या कामांत त्यांची मदत चोख झाली, हे मी आवर्जून नोंदवते. शाळा निवडण्याचा निर्णय मात्र त्यांच्यावर सोपवू नये.

मराठीबद्दल मला फार आस्था आहे आणि अनेक पालक हा विचारच करत नाहीत याचे वाईट वाटते. महाराष्ट्राने २०२० मध्ये केलेल्या कायद्यानुसार राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी शिकवणे सक्तीचे आहे, त्यामुळे राज्यातील आंतरराष्ट्रीय शाळेत मराठीचा तास असतो. तो तास कोण घेते आणि किती गांभीर्याने घेते, याचे उत्तर शाळेगणिक बदलते. एका शाळेत आठवीच्या मुलांना अजून चित्रे पाहून शब्द लिहायला लावत होते. दुसरीत ज्यांच्या घरी मराठी बोलली जाते त्यांचा वेगळा गट करून त्यांच्याकडून कविता आणि निबंध लिहून घेतले जात होते. राज्याबाहेर गेल्यावर तर हा प्रश्न पूर्णपणे पालकांवर येतो. आयबी डिप्लोमात शाळेत शिक्षक नसला तरी मातृभाषेतील साहित्य शाळेच्या देखरेखीखाली स्वतः अभ्यासण्याची सोय आहे. मराठीसाठी ही सोय राबवायला शाळा तयार आहे का, हे जरूर विचारावे. तेराव्या वर्षी घर सोडलेल्या मुलीला अठराव्या वर्षी आजीचे पत्र अडखळत वाचावे लागू नये, एवढी काळजी घेणे आपल्या हातात आहे.

परदेशातील शाळांचा आम्ही गंभीरपणे विचार केला आणि तो सोडून दिला. स्वित्झर्लंडमधील ल रोझे ही १८८० मध्ये स्थापन झालेली शाळा जिनिव्हा सरोवराकाठी रोल येथे आहे, हिवाळ्यात ती सगळीच्या सगळी ग्श्टाडच्या डोंगरात हलते आणि तिची वार्षिक फी एक लाख स्विस फ्रँकच्या वर, म्हणजे आपल्या पैशात कोटीच्या पुढे जाते. १९४९ मध्ये जॉन कॉर्लेट यांनी स्थापन केलेल्या एग्लॉन या तिथल्याच शाळेत डोंगरातील पदभ्रमण आणि मुक्कामाच्या मोहिमा हा शिक्षणाचाच भाग आहे. कॉर्लेट हे शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या स्कॉटलंडमधील गॉर्डनस्टन शाळेत शिकवत असत आणि मुलाला कष्टाची सवय लावण्याचा आग्रह त्यांनी तिथूनच आणला. या शाळा उत्तम आहेत यात मला शंका नाही. परंतु तिथे तेरा वर्षांची कोल्हापूरची मुलगी जे जग आपले मानू लागेल, त्या जगात सुट्टीपुरतीही तिला घरून साथ देण्याची आमची ऐपत नाही, आणि ऐपत म्हणजे केवळ फी भरण्याची ताकद नसते. इंग्लंडच्या शाळांत तुलनेने फी कमी असली तरी १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर, वसतिगृहाच्या खर्चासह, २० टक्के व्हॅट लागू झाला आहे, शिवाय मधल्या छोट्या सुट्ट्यांत मुलाला ठेवून घेणारा स्थानिक पालक नेमावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा येतो. भारतातून पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार दरवर्षी प्रतिव्यक्ती अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि वर्षाला दहा लाख रुपयांपुढील रकमेवर बँक टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापून घेते. ती रक्कम विवरणपत्रात वळती करून घेता येते, पण तोवर आपले पैसे अडकून पडतात.

भारतातील जुन्या डोंगरी शाळांमध्ये मसुरीजवळील वूडस्टॉक १८५४ ची आणि कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूल १९०१ ची आहे. कोडाईकनालच्या शाळेने १९७६ मध्ये आयबी डिप्लोमा सुरू केला आणि भारतात तो आणणारी ती पहिली शाळा ठरली. एवढ्या दीर्घ काळात वसतिगृह चालवण्याची जी समज मुरते, ती नव्या इमारतीला विकत घेता येत नाही. आपल्याजवळ पाचगणीत १९२२ चे संजीवन विद्यालय आणि बहाई धर्मविचारांतून १९४५ मध्ये निघालेले न्यू एरा आहे, राजगुरुनगरजवळ कृष्णमूर्ती फाउंडेशनची सह्याद्री स्कूल आहे. मुळशी तालुक्यात पौडजवळ १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. या शेवटच्या संस्थेबद्दल कोल्हापुरातील पालकांना फार कमी माहिती आहे. तिथे फक्त शेवटची दोन वर्षे, आयबी डिप्लोमा शिकवला जातो, जगातील अनेक देशांची मुले एकत्र राहतात, निवड मुलाच्या गुणांवर आणि स्वभावावर होते आणि कुटुंबाच्या उत्पन्नानुसार आर्थिक साहाय्य मिळू शकते. दहावीपर्यंत कोल्हापुरातच ठेवून अकरावीला तिथे प्रयत्न करणे, हा मार्ग मला अनेक घरांसाठी सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

खर्चाचा हिशेब पहिल्या वर्षाच्या फीवरून कधीच करू नये. समजा, पहिल्या वर्षी दहा लाख रुपये फी आहे आणि ती दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढते, तर पाचव्या वर्षी ती साडेतेरा लाखांच्या पुढे जाते आणि पाच वर्षांची बेरीज पन्नासऐवजी जवळजवळ एकोणसाठ लाख होते. यात प्रवेश शुल्क, अनामत रक्कम, गणवेश, सहली, परीक्षा शुल्क आणि पालकांच्या येण्याजाण्याचा खर्च धरलेला नाही. धंद्यात एखादे वर्ष वाईट जाऊ शकते हे आपल्याकडच्या फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको. अशा वर्षी दहावीच्या उंबरठ्यावरच्या मुलाला शाळेतून काढावे लागणे ही त्याच्यासाठी फार कठोर गोष्ट ठरते. जी फी पाच वर्षे निर्धास्तपणे भरता येईल तीच शाळा आपली समजावी.

ज्याला पाठवायचे त्याला विचारले का, हा प्रश्न मी दुसऱ्या पालकांना विचारते तेव्हा बहुतेक वेळा, तो अजून लहान आहे, असे उत्तर येते. आमच्या ओळखीतील एका घरात मुलगा पेठेच्या तालमीकडून फुटबॉल खेळत होता आणि शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांसाठी जीव टाकत होता. कृत्रिम हिरवळीचे मैदान आणि परदेशी प्रशिक्षक पाहून वडिलांनी त्याला दूर पाठवले. मैदान खरेच उत्तम होते, पण आठवड्यातून ठरलेले दोन तासच खेळ होता आणि ज्या मुलांबरोबर तो खेळत होता त्यांना खेळाची तेवढी ओढ नव्हती. वर्षभरात तो परत आला. ज्या मुलाला शाळेच्या आधीच एखाद्या गोष्टीची खरी लागण झालेली आहे, त्याच्या बाबतीत ती गोष्ट नव्या ठिकाणी वाढेल का, एवढाच प्रश्न बाकी साऱ्या प्रश्नांच्या आधी विचारला पाहिजे. आमच्या मुलीने मात्र स्वतः एक चाचणी मुक्काम केला. बऱ्याच चांगल्या शाळा अर्जदार मुलाला एक-दोन रात्री वसतिगृहात राहू देतात, आणि परत आल्यावर मुलाने सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टी फार काही सांगून जातात. तिने मैदानाबद्दल काही सांगितले नाही. रात्री दिवे गेल्यावर मोठ्या मुलींनी लहानांच्या खोलीत येऊन गोष्ट सांगितली, हे सांगितले.

शेवटी आम्ही राज्यातील, डोंगरावरची ती जुनी शाळा दहावीपर्यंत निश्चित केली. अकरावीला मुलीचा कल पाहून आयबी की विज्ञान शाखा हे ठरवू, तोवर राज्याच्या कोट्याचा मार्गही तिच्यासाठी मोकळा राहील. या शाळेत उणिवा आहेत. रोबोटिक्सची प्रयोगशाळा साधी आहे, परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी मार्गदर्शन करणारा पूर्णवेळ माणूस नाही, पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत आणि आठवड्यातून दोनदाच फोन करता येतो, हे सासूबाईंना अजून पटलेले नाही. यांतील फोनचा नियम मला योग्य वाटतो, कारण रोज रडत बोलणारे मूल आणि रोज रडणारी आई दोघेही कुठेच रुजत नाहीत. पण पहिल्या महिन्यात वसतिगृहप्रमुखांनी पालकांना स्वतःहून फोन करावा, असे आम्ही मागून घेतले आणि त्यांनी ते मान्य केले.

पैसे भरण्यापूर्वी एका गोष्टीची खातरजमा करावी. मूल रमले नाही आणि सत्राच्या मध्येच परत आणावे लागले तर किती रक्कम परत मिळते, दाखला किती दिवसांत मिळतो आणि आधी किती काळ सूचना द्यावी लागते, हे करारात कुठे लिहिले आहे ते दाखवायला सांगावे. आम्ही निवडलेल्या शाळेने याचे स्वतंत्र पान काढून दिले, त्यात एका सत्राची पूर्वसूचना आणि अनामत रक्कम परत करण्याची मुदत लिहिलेली होती. ज्या दुसऱ्या शाळेने हा प्रश्न टाळून केवळ मुले रमतातच असे आश्वासन दिले, तिचा अर्ज आम्ही भरला नाही.